बंद सर्व्हरला दुरुस्त्यांचा पुरवठा : चाकण-पिंपरीच्या कारखानदारांनी लक्ष घालावे असे एक ‘इनवर्ड’

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या कोणत्याही बऱ्यापैकी कारखान्यात पोलादाचा बार आत येतो तेव्हा काय काय होते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. गेटवर चलन पाहिले जाते, गाडीचे वजन होते, बारवरचा हीट नंबर गिरणीच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवला जातो. मग स्टोअरकीपर नोंद करतो आणि क्वालिटीवाल्याने हिरवे लेबल लावल्याशिवाय तो बार लेथवर चढत नाही. एक चुकीचा बार चढला तर आख्खा लॉट परत येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच कारखान्याच्या केबिनमागे, बहुधा पंखा नसलेल्या एका खोलीत, एक सर्व्हर चालू असतो. बारकोडची लेबले तो छापतो, डिस्पॅचची यादी तो ठेवतो, सी.एन.सी. यंत्रांचे प्रोग्रॅम त्याच्या पोटात असतात, आणि अलीकडे कॅमेऱ्याने होणाऱ्या तपासणीचे फोटोही तिथेच साठतात. या सर्व्हरलाही माल लागतो. त्याचा माल म्हणजे त्याच्या प्रणालीतील दोष दुरुस्त करणारे प्रोग्रॅम. हा माल कोण आणतो, कधी आणतो, कोणत्या रजिस्टरात नोंद होते, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : ‘आमचा सर्व्हर इंटरनेटला जोडलेलाच नाही, त्याला काही होत नाही.’

या उत्तराचा पहिला भाग शहाणपणाचा आहे. दुसरा भाग धोक्याचा आहे.

बंद दाराचा भरवसा

या पट्ट्याने यंत्रे फार लवकर पाहिली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६६ पासून टेल्कोने इथे बस्तान बसवले आणि तिच्या मागोमाग जॉबवर्क करणाऱ्या हजारो शेड उभ्या राहिल्या. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, खराबवाडी ही शेतीची गावे वाहनांच्या सुट्या भागांच्या पत्त्यांत दिसू लागली. संगणक मात्र या शेडमध्ये मागच्या दाराने आले. कधी मोठ्या कारखान्याने सांगितले म्हणून बारकोड आला, कधी जी.एस.टी.साठी हिशेबाचा प्रोग्रॅम आला, कधी नव्या यंत्रासोबतच एक संगणक आला. जो बसवून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

यंत्रांचे जाळे बाहेरच्या जगापासून तोडून ठेवणे ही रीत योग्यच आहे. अडचण एवढीच, की दार लावल्याने घराची भिंत दुरुस्त होत नाही. कधीतरी कोणीतरी दार उघडतोच. सर्व्हिस इंजिनीअर आपला लॅपटॉप लावतो, प्रोग्रॅम आणायला पेन ड्राइव्ह येतो, मालकाच्या मुलाला घरून प्रॉडक्शन पाहायचे असते म्हणून एक वायर जोडली जाते. त्या एका दिवशी आतली यंत्रे पाच वर्षे जुन्या दोषांसह उघडी पडतात.

२०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू इराणच्या नतांझ येथील बंद जाळ्यात शिरला होता. तो पेन ड्राइव्हवरून पसरू शकणारा होता. ते प्रकरण देशादेशांतल्या भांडणाचे, आपल्या कामाचे नाही असे कोणी म्हणेल. मग मे २०१७ आठवा. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले आणि चेन्नईजवळील रेनो-निसानच्या कारखान्यालाही त्याची झळ बसली. ज्या दोषातून तो शिरला, त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिलेली होती. म्हणजे औषध बाजारात येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. ते ज्यांच्या यंत्रांपर्यंत पोहोचले नाही, ते अडकले.

त्याच वर्षी २७ जूनला नोटपेट्या आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बसवले आणि त्या समूहाकडे असलेले न्हावा शेव्याच्या बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले. चाकणहून निर्यात होणारे बहुतेक कंटेनर याच बंदराच्या वाटेने जातात. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे पुढे सांगितले.

छोट्या व्हेंडरने आणखी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. जपानमध्ये कोजिमा नावाची टोयोटाला प्लॅस्टिकचे भाग पुरवणारी कंपनी आहे. तिच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि १ मार्च २०२२ रोजी टोयोटाने जपानमधील आपले सर्व १४ कारखाने, एकूण २८ लाइन, एक दिवस बंद ठेवले. सुमारे १३,००० गाड्यांचे उत्पादन राहिले. टोयोटाच्या लाइनवर काहीच बिघडले नव्हते, पण माल येणार की नाही हे सांगणारा पुरवठादारच आंधळा झाला होता. चाकणची लाइनही तासातासाच्या हिशेबाने येणाऱ्या मालावर चालते. लाइन थांबवल्याचा दंड कसा लावला जातो, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना वेगळे सांगायची गरज नाही.

मग दुरुस्ती आत कशी न्यायची?

सर्व्हर बाहेर जोडायचा नाही आणि दुरुस्त्या तर आत पोहोचल्या पाहिजेत, असा हा पेच आहे. त्यावरचा तोडगा बराच जुना आहे आणि तो कारखानदाराला चटकन समजेल असा आहे. दोन सर्व्हर ठेवायचे. एक बाहेरचा, जो इंटरनेटला जोडलेला असतो आणि माल गोळा करतो. दुसरा आतला, जो कधीच बाहेर जोडला जात नाही आणि कारखान्यातील बाकी यंत्रांना माल वाटतो. या दोघांच्या मध्ये वायर नसते, एक डिस्क असते. बाहेरच्या सर्व्हरवर सगळ्या दुरुस्त्यांचा गठ्ठा बांधायचा, डिस्कवर घ्यायचा, आत न्यायचा आणि आतल्या सर्व्हरमध्ये उतरवायचा.

लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरांसाठी हे काम करणारी सर्वांत माहितीची व्यवस्था म्हणजे रेड हॅट कंपनीची सॅटेलाइट. तिची सहावी पिढी २०१४ साली आली. ती फोरमन, कटेलो आणि पल्प या खुल्या प्रकल्पांवर बांधलेली आहे. हे प्रकल्प कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, पैसे पडतात ते कंपनीच्या आधाराचे. रेड हॅटचे अभियांत्रिकी कार्यालय पुण्यातच आहे. म्हणजे या विद्येची माणसे साता समुद्रापार शोधायला नकोत, ती मगरपट्ट्यात सापडतात. चाकणच्या शेडपर्यंत ती पोहोचलेली नाहीत, एवढेच.

आता गंमत अशी की, या व्यवस्थेला माऊसने चालवायचा चांगला पडदा आहे, पण गठ्ठा बांधण्याचे आणि उतरवण्याचे काम त्या पडद्यावरून होत नाही. त्यासाठी काळ्या खिडकीत आज्ञा टंकावी लागते. त्या आज्ञेचे नाव हॅमर, म्हणजे हातोडा. नाव ऐकून फिटरला परके वाटू नये! आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत टंकायची, इथे आम्ही ती उच्चाराप्रमाणे देत आहोत. बाहेरच्या सर्व्हरवर ‘हॅमर कंटेंट-एक्स्पोर्ट कम्प्लीट लायब्ररी’ आणि पुढे आपल्या संस्थेचे नाव, एवढे लिहिले की संपूर्ण भांडाराचा गठ्ठा तयार होतो. आतल्या सर्व्हरवर ‘हॅमर कंटेंट-इम्पोर्ट लायब्ररी’, संस्थेचे नाव आणि गठ्ठा ज्या ठिकाणी ठेवला त्या जागेचा पत्ता दिला की तो उतरू लागतो.

दोन ओळींचे काम आहे, पण ते दोन ओळींत संपते असे मानणारा पहिल्याच दिवशी अडकतो. म्हणून ज्या जागी पाय घसरतो त्या जागा नीट सांगतो.

रिकामी पोती

पहिली घसरण गठ्ठा बांधण्याच्याही आधीची आहे. बाहेरचा सर्व्हर माल गोळा करतो तेव्हा जागा वाचावी म्हणून त्याला एक सवय लावता येते : फक्त यादी उतरवून घ्यायची आणि खरा प्रोग्रॅम कोणी मागेल तेव्हाच आणायचा. याला ‘ऑन डिमांड’ म्हणतात. इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरसाठी ही सवय उत्तम आहे. पण गठ्ठा बांधून बंद खोलीत न्यायचा असेल तर ती घातक, कारण यादीत हजार वस्तू दिसतात आणि पोत्यात त्या नसतात. म्हणून प्रत्येक भांडाराची पद्धत ‘इमिजिएट’, म्हणजे ‘लगेच उतरवा’, अशी ठेवावी आणि मग एकदा पूर्ण उतरवून घ्यावे. हे आधी पाहिले नाही तर चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पार करून आणलेली डिस्क परत न्यावी लागते.

दुसरी घसरण डिस्कची. बाजारात मिळणारे पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. सॅटेलाइटचा पूर्ण गठ्ठा तर त्याच्या कित्येक पटींनी मोठा भरतो. गठ्ठा बांधताना ‘चंक-साइज-जीबी’ असा एक पर्याय देऊन त्याचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडता येतात. त्याहून बरे म्हणजे या कामासाठी एक वेगळी मोठी डिस्क घ्यावी, ती लिनक्सच्या पद्धतीने आखावी आणि तिच्यावर लाल पट्टी लावून ती दुसऱ्या कशालाही वापरू नये. कोणाच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर जाता कामा नयेत. ही गोष्ट लहान वाटते, पण स्टक्सनेटची वाट अशाच डिस्कवरून जाते.

तिसरी घसरण मालकीची. गठ्ठा आतल्या सर्व्हरवर ठरलेल्या जागीच ठेवावा लागतो : व्हार, त्यात लिब, त्यात पल्प, आणि त्यात इम्पोर्ट्स नावाचा कप्पा. डिस्कवरून प्रत घेणारा माणूस ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून बसलेला असतो, त्यामुळे फाइलींवर त्याचाच शिक्का बसतो. उतरवण्याचे काम करणारा मात्र ‘पल्प’ नावाचा वेगळा हमाल आहे. माल त्याच्या नावावर केला नाही तर तो हात लावत नाही आणि आज्ञा ‘परवानगी नाही’ असे सांगून थांबते. ‘चाऊन’ या आज्ञेने पूर्ण कप्पा पल्पच्या नावावर करावा. शिकाऊ मुले या ठिकाणी रागाने सगळ्यांनाच सगळी परवानगी देऊन टाकतात. तसे करू नये.

चौथी गोष्ट जागेची. आत गठ्ठा ठेवायला जागा लागते आणि उतरलेला मालही कुठे तरी ठेवायचा असतो. ट्रक उभा करायला जागा आहे पण गोदाम भरलेले, अशी स्थिती झाली तर काम अर्ध्यात थांबते. आधी डिस्क मोजून घ्यावी. सॅटेलाइटच्या सर्व्हरला मुळातच किमान ४ कोअर आणि २० जीबी रॅम लागते, जुन्या हिशेबाच्या संगणकावर तो चढवायला जाऊ नये.

रेड हॅटचाच माल असेल तर आतल्या सर्व्हरवर त्या वर्गणीचा परवाना, ज्याला मॅनिफेस्ट म्हणतात, तो आधी चढवावा लागतो. तसेच आतल्या सर्व्हरला ‘तुझा माल इंटरनेटवरून नाही, गठ्ठ्यातून येणार’ असे एकदा सेटिंगमध्ये सांगून ठेवावे. दोन्ही सर्व्हरांच्या आवृत्त्या जुळत्या ठेवाव्यात. बाहेरचा सर्व्हर नवा आणि आतला दोन वर्षे जुना, असे चालत नाही.

चलन, यादी आणि शिक्का

गठ्ठ्यात मालासोबत दोन लहान फाइली येतात आणि त्यांच्याकडे कारखानदाराच्या नजरेने पाहावे. एकीचे नाव ‘मेटाडेटा’, दुसरीचे ‘टी.ओ.सी.’. पहिली म्हणजे चलन. या गठ्ठ्यात कोणत्या संस्थेची कोणती भांडारे आहेत, तो पूर्ण आहे की आधीच्या गठ्ठ्यापुढचा हप्ता आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. दुसरी म्हणजे पॅकिंग लिस्ट. गठ्ठ्याचे तुकडे किती, त्यांचा क्रम काय आणि प्रत्येक तुकड्याची गणिती ओळख काय, हे तिच्यात असते. या ओळखीला चेकसम म्हणतात. तुकड्यातील एक अक्षर बदलले तरी चेकसम वेगळा येतो. डिस्क वाटेत आपटली, वायर सैल होती, प्रत अर्धवट झाली, तर उतरवण्याच्या वेळीच ते कळते.

इथे एक बारकावा आहे. चेकसम जुळला याचा अर्थ माल वाटेत बदलला नाही एवढाच. माल मुळात कोणी बनवला, हे तो सांगत नाही. ते सांगणारी गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पुडक्यावर बनवणाऱ्याची जी.पी.जी. नावाची सांकेतिक सही असते आणि यंत्रावर ते पुडके चढण्याआधी ती तपासता येते. चेकसम म्हणजे सील न तुटलेली गोणी आणि जी.पी.जी. म्हणजे गिरणीचे टेस्ट सर्टिफिकेट. दोन्ही पाहिल्याशिवाय हिरवे लेबल लावू नये. काम लवकर व्हावे म्हणून सहीची तपासणी बंद करून ठेवणारे तंत्रज्ञ आहेत. आमच्या मते अशा तंत्रज्ञाचे बिल थांबवावे.

पहिला गठ्ठा एकदा उतरला की दर वेळी सगळा माल पुन्हा आणावा लागत नाही. ‘कम्प्लीट’च्या जागी ‘इन्क्रिमेंटल’ लिहिले की मागच्या वेळेनंतर जे नवे आले तेवढेच बांधले जाते. जिथे पहिल्या वेळी रात्र गेली तिथे नंतर चहाच्या सुटीत काम होते. पण हे हप्ते क्रमाने उतरले पाहिजेत. एप्रिलचा हप्ता कोणी आणलाच नाही आणि मेचा घेऊन आला, तर आतला सर्व्हर मधल्या दुव्याची मागणी करून अडून बसतो. अशा वेळी राहिलेला हप्ता आधी आणून उतरवावा लागतो, नाहीतर पुन्हा पूर्ण गठ्ठा बांधावा लागतो. म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख डिस्कवर नुसती खडूने नको, रजिस्टरात लिहावी.

उतरला म्हणजे वापरला, असे नाही

गठ्ठा उतरल्यावर माल ‘लायब्ररी’त, म्हणजे स्टोअरमध्ये जमा होतो. तो अजून यंत्रांवर गेलेला नाही. सॅटेलाइटमध्ये लायब्ररीच्या पुढे पायऱ्या आखता येतात : आधी चाचणी, मग उत्पादन. चाचणीच्या पायरीवर एखादे कमी महत्त्वाचे यंत्र ठेवावे, नव्या दुरुस्त्या आधी त्याला द्याव्यात, लेबल छापून पाहावे, स्कॅनर चालतो का पाहावे. चार-आठ दिवस बरे गेले की मग बाकीच्यांना सोडावे.

हा उशीर कशासाठी, असे कोणी विचारेल. वर नोटपेट्याचा उल्लेख आला आहे. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अधिकृत अपडेटमधूनच पसरला होता. आणि १९ जुलै २०२४ रोजी तर कोणाचा हल्लाही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सदोष अपडेट सोडले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा दुरुस्ती आत आणलीच पाहिजे आणि ती डोळे मिटून सगळ्या यंत्रांना पाजूही नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बंद सर्व्हरच्या पद्धतीचा फायदा असा की ती मुळातच सावकाश आहे. गठ्ठा बांधणे, नेणे, उतरवणे यात जो वेळ जातो, त्याच वेळात बाहेरच्या जगात एखादे अपडेट बिघडलेले निघाले तर ते कळून येते.

भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची औद्योगिक सुटी आहे, तिचा इथे चांगला उपयोग होतो. बुधवारी रात्रपाळी सुटली की गठ्ठा उतरवायला लावावा. गुरुवारी चाचणी यंत्रावर दुरुस्त्या चढवाव्यात आणि ज्या यंत्राला पुन्हा सुरू करणे भाग आहे ते त्याच दिवशी करावे. एकदा आज्ञा दिली की काम सर्व्हरच्या पोटात चालू राहते, रात्रभर कोणी पडद्यासमोर बसून राहण्याची गरज नाही. सकाळी ‘हॅमर टास्क’च्या यादीत निकाल पाहावा. आज्ञा सुरू असताना वीज गेली तर मात्र सगळेच अवघड होते, म्हणून त्या रात्री यू.पी.एस.ची बॅटरी खरी आहे की शोभेची, ते आधी पाहून घ्यावे.

घड्याळाचेही पाहावे. इंटरनेट नसलेल्या सर्व्हरचे घड्याळ हळूहळू सरकते. मग प्रमाणपत्रे ‘अजून सुरू झालेली नाहीत’ किंवा ‘संपली’ असे सर्व्हर म्हणू लागतो आणि तंत्रज्ञ भलतीकडेच दोष शोधत बसतो. कारखान्याच्या आत एक घड्याळ-सर्व्हर ठेवून सगळ्यांनी त्याच्याकडून वेळ घ्यावी.

लहान शेडने काय करावे?

ज्याच्याकडे दोन लेथ, एक व्ही.एम.सी. आणि एकच लिनक्सचा संगणक आहे, त्याने सॅटेलाइटच्या वाटेला जाऊ नये. तो खर्च आणि ती देखरेख त्याला झेपणार नाही आणि गरजही नाही. त्याच्यासाठी ‘रेपोसिंक’ नावाची साधी आज्ञा आहे. बाहेरच्या एखाद्या लॅपटॉपवर तिच्या मदतीने भांडाराची प्रत उतरवावी, डिस्कवर घ्यावी, आतल्या यंत्राला त्या डिस्कचा पत्ता द्यावा आणि नेहमीप्रमाणे ‘डी.एन.एफ. अपडेट’ करावे. मधल्या आकाराच्या कारखान्यांसाठी आणखी एक सोय आहे. सॅटेलाइटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत गठ्ठा ‘सिंकेबल’ पद्धतीने बांधता येतो आणि असा गठ्ठा समोर सॅटेलाइट नसतानाही नेहमीच्या भांडारासारखा वापरता येतो. एका इस्टेटीतील दहा-बारा शेडनी मिळून बाहेरचा एकच सर्व्हर चालवावा आणि डिस्क फिरवावी, हे आम्हाला फार व्यवहार्य वाटते. जनरेटर आणि टेम्पो वाटून घेणाऱ्यांना सर्व्हर वाटून घेणे जड जाऊ नये. मात्र प्रत्येकाची डिस्क वेगळी असावी.

विंडोजच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यू.एस.यू.एस. व्यवस्थेतही ‘डब्ल्यू.एस.यू.एस.-युटिल’ नावाची आज्ञा अशीच बाहेरून बांधून आत उतरवण्याची सोय देते. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली या व्यवस्थेत नवी भर घालणे थांबवल्याचे जाहीर केले असले तरी तिचा वापर करता येतो. पण ज्या प्रणालीच्या दुरुस्त्याच बंद झाल्या आहेत तिथे गठ्ठा कसला बांधणार? विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. लिनक्समध्येही हेच. फुकट आणि भरवशाची म्हणून कारखान्यांत बसवली गेलेली सेंटओएस ७ ही प्रणाली ३० जून २०२४ रोजी संपली. तिच्या जागी अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स या दोन्ही फुकट प्रणाली २०२१ पासून उपलब्ध आहेत. जिथे यंत्र बनवणाराच जुनी प्रणाली सोडू देत नाही, तिथे ते यंत्र जाळ्यात अगदी एकटे टाकावे आणि पुढच्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये ‘प्रणालीच्या दुरुस्त्या किती वर्षे देणार’ असे एक कलम घालून घ्यावे. स्पिंडलची वॉरंटी मागतो तशी ही मागावी.

ऑर्डर आणि रोजगार

याला आता धंद्याचीही बाजू आली आहे. जर्मन वाहन कंपन्या २०१७ पासून टिसॅक्स नावाच्या पद्धतीने आपल्या पुरवठादारांची माहिती-सुरक्षा तपासून घेतात. चाकणच्या व्हेंडरांपर्यंत हे प्रश्न पोहोचतात. सर्व्हरवरच्या दुरुस्त्या कधी केल्या, कोणी केल्या, नोंद दाखवा, असे तपासनीस विचारतो. ‘इंटरनेटच नाही’ हे त्याला उत्तर वाटत नाही. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणकावरील हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावा लागतो आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. लहान उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती, ती कधीच सरली. सहा तासांत कळवायचे तर आपल्या सर्व्हरवर काय चढलेले आहे, याची यादी हाताशी हवी. आतला सॅटेलाइट ती यादी एका आज्ञेत देतो, हा त्याचा दुसरा मोठा उपयोग.

आमच्या तरुणांनी याकडे रोजगार म्हणूनही पाहावे. पुण्याच्या संगणक कंपन्यांत नोकरी मिळवण्यासाठी सगळेच रांगेत आहेत. पण चाकणच्या शेडमध्ये जाऊन, तेलकट जमिनीवर उभे राहून, बंद सर्व्हरमध्ये गठ्ठा उतरवून देणारा आणि रजिस्टरात सही करणारा माणूस शोधूनही मिळत नाही. आय.टी.आय. झालेल्या, यंत्राची भाषा समजणाऱ्या मुलाला हे काम पदवीधरापेक्षा लवकर जमेल असे आम्हाला वाटते, कारण यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो, शिस्तीने माल हलवायचा असतो. सुरुवातीला अल्मालिनक्स एखाद्या जुन्या संगणकावर चढवून रोजच्या पन्नास आज्ञा हाताखालून घालाव्यात. मग रेपोसिंकने भांडार उतरवून ते दुसऱ्या, नेट नसलेल्या संगणकावर चालवून पाहावे. एवढे जमले की मोठ्या रॅमचा संगणक मिळवून फोरमन-कटेलो बसवावे, त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. रेड हॅटच्या आर.एच.सी.एस.ए. परीक्षेत कागदावर उत्तरे लिहायची नसतात, यंत्रावर काम करून दाखवायचे असते, त्यामुळे इंग्रजी कच्चे असलेल्यांनीही घाबरू नये.

काम घेताना तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात : डिस्क कोणाची, हप्ता महिन्यातून किती वेळा आणि दुरुस्तीनंतर यंत्र बिघडले तर मागची स्थिती परत आणण्याची जबाबदारी कोणाची. तिसऱ्या कलमावर मालक बहुधा अडतात. तिथे चाचणी यंत्राचा खर्च त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावा, तो न देणाऱ्याचे काम न घेतलेले बरे. आणि डिस्कवर लावायच्या चिठ्ठीत गठ्ठा बांधल्याची तारीख, पूर्ण की हप्ता, मागच्या हप्त्याची तारीख, बांधणाऱ्याची सही आणि उतरवणाऱ्याची सही, एवढे असले की पुढच्या गुरुवारी दुसरा कोणी आला तरी त्याचे काम अडत नाही.